तुला हे कोणी सांगितले?

गेल्या वर्षी एका शाळेच्या पालकसभेला गेलो होतो. सातवीच्या मुलामुलींना वयात येताना शरीरात होणारे बदल, पाळी, प्रजनन आणि नकोसा स्पर्श यांची माहिती देणाऱ्या चार तासिका ठेवाव्यात की नाही, एवढाच विषय होता. अर्ध्या तासात चर्चा पुराणांवर गेली. एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले की जगातल्या सगळ्या धर्मांनी माणसाला एकच इशारा दिला आहे. आदाम आणि हव्वेने ज्ञानाचे सफरचंद खाल्ले आणि नंदनवन गमावले, मग तेच फळ आपण आपल्या मुलांच्या हातात का द्यायचे? त्यांना उत्तर द्यायला उठलेल्या बाई म्हणाल्या की लोकांना अडाणी ठेवण्यासाठी पुरोहितांनी रचलेल्या या कथा आहेत, आजच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध काय? टाळ्या दोघांनाही मिळाल्या आणि तासिकांचा निर्णय पुढे ढकलला गेला. मी गप्प राहिलो, आणि तेव्हापासून ते गप्प राहणे मला सलते आहे. कारण ज्या कथांच्या नावाने दोन्ही बाजू भांडल्या, त्या दोघांनीही नीट वाचलेल्या नव्हत्या. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सफरचंदाचा उल्लेखसुद्धा नाही, तिथे फक्त ‘फळ’ आहे.

हा वाद त्या एका सभागृहापुरता नाही. २००७ साली महाराष्ट्रातल्या शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधानंतर थांबवला गेला, तेव्हाही संस्कृती आणि कोवळी मने हेच शब्द पुढे होते. माझे म्हणणे असे आहे की प्राचीन कथांनी ज्ञानामुळे हरपणाऱ्या निरागसपणाचा विचार फार खोलवर केला आहे, आणि त्यांची साक्ष मुलांना अजाण ठेवणाऱ्यांच्या बाजूने जात नाही. जाणणे हा अपराध आहे असे त्या म्हणत नाहीत. जाणणाऱ्याला ते कोणाकडून, किती अर्धवट आणि किती एकट्याने कळले, आणि ज्याने सांगायला हवे होते तो त्या वेळी काय करत होता, याची त्या पुन्हा पुन्हा चौकशी करतात.

आधी शब्दाकडे पाहू. ‘आगस्’ म्हणजे अपराध, पाप. ते ज्याच्या माथी नाही तो निरागस. या शब्दात ज्ञान-अज्ञानाचा कुठेही संबंध नाही. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मराठीने अजाण, अज्ञान, भाबडा असे वेगळे शब्द ठेवले आहेत. मुलीला पहिली पाळी आली की ती ‘शहाणी झाली’ असे म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना देहाचे बदल आणि समज यांची सांगड घालताना काही वावगे वाटले नव्हते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अल्पवयीन वारसाच्या नावाला जोडून ‘अ.पा.क.’ ही अक्षरे येतात, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि पुढे त्या पालकाचे नाव असते. मला हा सरकारी संक्षेप फार अर्थपूर्ण वाटतो. कागदावर कोणाला अज्ञान म्हटले की त्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव लगेच शेजारी लिहावे लागते. ‘त्यांना काही कळू देऊ नका’ म्हणणारे या जोडीतला पहिला शब्द उचलतात, आणि दुसऱ्या शब्दातले काम, म्हणजे वेळेवर सांगण्याचे, सोडून देतात.

आता बागेत जाऊ. मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती क्रिस्तपुराणात ओवीबद्ध केली आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. मूळ हिब्रू कथेत एक बारकावा आहे, ज्याकडे वादविवादात कोणी पाहत नाही. बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नको ही आज्ञा आदामाला दिली जाते तेव्हा हव्वा अजून निर्माण झालेली नाही. म्हणजे तिला हा नियम दुसऱ्या तोंडून कळलेला आहे. सर्पाला उत्तर देताना ती म्हणते की ते फळ खाऊ नये आणि त्याला स्पर्शही करू नये. स्पर्शाची बंदी मूळ आज्ञेत नाही. ती कुठून आली? ज्यू रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या वाढीव शब्दांवर शतकानुशतके विचार केला. एका भाष्यानुसार आदामानेच खबरदारी म्हणून हे कुंपण घातले, आणि दुसऱ्या एका भाष्यानुसार सर्पाने हव्वेला झाडावर ढकलले आणि म्हटले, पाहा, स्पर्श झाला तरी तू मेली नाहीस, तशी खाऊनही मरणार नाहीस. जे खोटे होते ते हव्वेने अनुभवाने खोटे ठरलेले पाहिले, आणि त्याच्याबरोबर जे खरे होते तेही वाहून गेले. ‘पाळीत लोणच्याला हात लावलास तर ते नासेल’ असे ऐकून वाढलेल्या मुलीला एके दिवशी लोणचे नासत नाही हे कळते. त्यानंतर शरीराविषयी आई जे काही खरे सांगेल, त्यावर तिचा विश्वास किती उरतो?

फळ खाल्ल्यावर दोघांचे डोळे उघडतात, आपण नग्न आहोत हे त्यांना कळते, ते अंजिराची पाने गुंफतात आणि झाडांआड लपतात. देव विचारतो, “तू नग्न आहेस हे तुला कोणी सांगितले?” हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल काहीतरी बोलून जाते आणि आपण दचकून विचारतो, तुला हे कोणी सांगितले? त्या दचकण्यात ही कबुलीच असते की आपण सांगितले नव्हते. पण कथा इथे थांबत नाही. शिक्षा सुनावली जाते, कष्ट आणि वेदना वाट्याला येतात, आणि बागेतून बाहेर काढण्यापूर्वी देव स्वतः आदाम आणि त्याच्या स्त्रीसाठी कातड्याची वस्त्रे करून त्यांना घालतो. ज्यांना लाज कळली त्यांना पुन्हा अजाण केले जात नाही. कळल्यानंतर जगायला जे लागेल ते दिले जाते. हे एक वाक्य त्या गृहस्थांनी वाचले असते तर त्यांचा युक्तिवाद त्याच बागेतून केला गेला असता का?

यावर समोरून जे भक्कम आक्षेप येतील ते मला मान्य आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संत ऑगस्टीनपासून पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने या कथेला मूळ पापाची कथा म्हणून वाचले आहे आणि त्या वाचनाने करोडो माणसांची आयुष्ये घडवली आहेत. बायबलमधलेच उपदेशकाचे पुस्तक स्पष्ट सांगते की जो ज्ञान वाढवतो तो दुःखही वाढवतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू इरेनियस तर म्हणतो की ती दोघे बालकांसारखी होती, त्यांची वाढ अजून व्हायची होती. यातला इरेनियसचा मुद्दा मला सर्वात वजनदार वाटतो, कारण तो वेळेचा मुद्दा आहे. पाच वर्षांच्या मुलाला जे सांगायचे ते बारा वर्षांच्या मुलाला सांगायचे त्यापेक्षा वेगळे असणारच. पण ज्याला वाढ अपेक्षित आहे, त्याला शेवटी खाणेही अपेक्षित आहे. बाळाला घास मऊ करून द्यावा लागतो, म्हणून त्याला कायम दुधावर ठेवत नाहीत. शिवाय याच आदमाची कथा कुराणात वेगळ्या भरात येते: तिथे आधी अल्ला आदमला सर्व वस्तूंची नावे शिकवतो आणि त्या ज्ञानामुळे तो देवदूतांपुढे श्रेष्ठ ठरतो, पुढे दोघेही घसरतात, दोघेही क्षमा मागतात, आणि क्षमा मागण्याचे शब्दसुद्धा त्याला वरूनच मिळतात. दोष एकट्या स्त्रीवर येत नाही. तेव्हा ‘सगळ्या धर्मांचा एकच इशारा’ हे विधान शेजारच्या परंपरेतसुद्धा टिकत नाही.

त्याहून जुनी कथा मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या भागातल्या, गिल्गमेश महाकाव्यातली आहे. मातीपासून घडवलेला एन्किडू हरणांबरोबर गवत खातो, पाणवठ्यावर जनावरांमध्ये पाणी पितो. शमहत नावाची स्त्री त्याच्याकडे येते, सहा दिवस आणि सात रात्री ती दोघे एकत्र असतात, आणि तो परततो तेव्हा हरणे त्याला पाहून पळून जातात. त्याचे पाय पूर्वीसारखे धावत नाहीत, पण त्याला समज आलेली असते, असे तो कवी म्हणतो. निरागसपण हरपण्याचे याहून हृदयद्रावक चित्र मला ठाऊक नाही. ज्यांच्यात वाढलो तेच आपल्याला ओळखत नाहीत. पुढे मरणशय्येवर एन्किडू शमहतला शिव्याशाप देतो. तेव्हा सूर्यदेव शमश त्याला वरून विचारतो, जिने तुला भाकरी खायला शिकवली, मद्य दिले, वस्त्रे दिली, गिल्गमेश राजासारखा मित्र मिळवून दिला, तिला शाप का देतोस? एन्किडूचा राग शांत होतो आणि तो शाप मागे घेऊन तिला आशीर्वाद देतो. हरणे परत मिळत नाहीत. हरवल्याचे दुःखही खोटे ठरवलेले नाही. मात्र त्या बदल्यात जे मिळाले त्याचा हिशेब मरणाऱ्या माणसाकडून पूर्ण करून घेतला आहे.

एन्किडूचा भाऊ शोभावा असा मुलगा आपल्या महाभारतात, वनपर्वात आहे. विभांडक ऋषीने आपला मुलगा ऋष्यशृंग याला अरण्यात असा वाढवला की पित्याखेरीज दुसरा मनुष्य त्याने पाहिला नव्हता. तिकडे अंगदेशात पाऊस पडत नव्हता, आणि ऋष्यशृंग आला तरच पडेल असे राजा लोमपादाला सांगितले गेले होते. नावेवर रचलेल्या आश्रमातून एक तरुण गणिका येते, विभांडक बाहेर असताना मुलाला भेटते, खेळते, मिठी मारते आणि निघून जाते. संध्याकाळी बाप परततो तेव्हा मुलाचे चित्त ठिकाणावर नाही. बाप विचारतो, मुलगा सगळे सांगतो. त्याला काहीही लपवायचे सुचत नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे हे त्याला माहीतच नाही. एक ब्रह्मचारी आला होता, त्याच्या जटा लांब आणि सुगंधी होत्या, गळ्याखाली दोन सुंदर गोळे होते, चालताना पायांत काहीतरी मंजुळ वाजत होते, आणि त्याच्यासारखेच तप मला करायचे आहे! संपूर्ण महाभारतात इतका विश्वासाने भरलेला प्रश्न दुसरा कोणी बापापुढे ठेवला असेल असे मला वाटत नाही. विभांडक काय उत्तर देतो? ते राक्षस असतात, असे मोहक रूप घेऊन तपात विघ्न आणायला फिरतात. एवढे सांगून तो त्या स्त्रीला शोधायला निघतो. तीन दिवस शोधतो, ती सापडत नाही. पुढे तो फळे आणायला गेला असताना ती परत येते, आणि मुलगा तिला पाहताच आनंदाने धावत जातो. ज्याला राक्षस म्हटले ते तर प्रेमाने बोलते, मग बापाच्या शब्दाला काय किंमत उरली?

ऋष्यशृंग अंगदेशात पाऊल ठेवतो आणि पाऊस पडतो. राजकन्या शांतेशी त्याचा विवाह होतो, आणि रागाने निघालेला विभांडकही शेवटी सुनेला पाहून शांत होतो. ज्या परंपरेला स्त्री-पुरुषांच्या देहाचे ज्ञान म्हणजे केवळ अधःपात वाटला असता, तिने या घटनेशी पाऊस जोडला असता का? राजाने मुलाला फसवून आणले हे मी विसरत नाही, आणि त्या फसवणुकीचे समर्थनही करत नाही. मात्र फसवता आले ते अजाणपणामुळेच. ज्याला एकही शब्द माहीत नाही त्याला कोणीही कुठेही घेऊन जाऊ शकते, आणि प्रत्येक मुलाला नेणाऱ्या नावेच्या दुसऱ्या टोकाला शांता उभी असते असे नाही.

कुंतीसाठी ती नव्हती. दुर्वासाने दिलेल्या मंत्राने बोलावलेला देव वश होईल एवढेच, वनपर्वानुसार, तिला सांगितले गेले होते. मंत्राचा विचार मनात घोळत असतानाच तिला ऋतुप्राप्ती झाली आणि ती बालिका लाजली, असे वनपर्व सांगते; मग कुतूहलापोटी तिने सूर्याला बोलावले, आणि आलेला सूर्य परत जायला तयार होईना. ती विनवते, मी अजाण आहे, मला क्षमा कर. घरात पालक पिता होता, दास-दासी होत्या, पण एका दाईखेरीज कोणाला काही कळले नाही. पेटीत ठेवलेले मूल नदीतून वाहत गेले, ते याच अंगदेशात चंपा नगरीपाशी लागले. अपराध तिचा नव्हता, पण अपराधाची भावना जन्मभर तिची झाली, आणि कर्ण पडल्यावर, गंगेच्या काठी तर्पणाच्या वेळी, तिने मुलांना सांगितले की तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिराने तेव्हा समस्त स्त्रियांना शाप दिला की यापुढे त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. एका मुलीला बोलायला शब्द आणि विश्वासाचे माणूस मिळाले नाही याची शिक्षा त्याने सगळ्या स्त्रियांना दिली. हा शाप वाचताना मला आजही धर्मराजाचा राग येतो.

इथे निरागस या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा समोर येतो. मुलाला अजाण ठेवल्याने त्याचे निष्पापपण राखले जाते ही समजूतच उलटी आहे. ज्याच्यावर अत्याचार होतो आणि जे घडते त्याला नाव देता येत नाही, ते मूल दोष स्वतःकडे घेते: मी काहीतरी वाईट केले, मी सांगितले तर मलाच रागावतील. अपराध दुसऱ्याचा, आणि ‘आगस्’ मुलाच्या माथी. अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ साली पॉक्सो कायदा झाला, पण कायद्यापुढे तक्रार आणायला मुलाला आधी हे कळावे लागते की जे झाले ते चूक होते आणि ती चूक माझी नव्हती.

समोरच्या बाजूने मांडता येण्यासारखी सर्वात सुंदर कथा मात्र त्या सभेत कोणी मांडली नाही, ती मीच मांडतो. कृष्णाने माती खाल्ली अशी तक्रार आली म्हणून यशोदा त्याला तोंड उघडायला लावते, आणि त्या तोंडात तिला सारे विश्व दिसते, त्यात गोकुळ आणि ती स्वतःसुद्धा. ते ज्ञान तिला पेलत नाही. भागवत सांगते की वैष्णवी मायेने तिची स्मृती पुसली गेली आणि तिने पूर्वीच्याच मायेने मुलाला मांडीवर घेतले. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाचेही तसेच होते. विश्वरूप पाहिल्यावर त्याला आठवते की मी तुला अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा म्हणत आलो, थट्टेत तुझा अवमान केला. ज्ञानेश्वरांनी हा पश्चात्ताप फार जिव्हाळ्याने विस्तारला आहे. मैत्रीतली सहजता कळण्यामुळे गेली, आणि तो हात जोडून जुने रूप मागतो. काही ज्ञान असे असते की त्याच्यापुढे विसरणे हीच कृपा ठरते, हे मी मान्य करतो. पण या दोन्ही कथांमध्ये विसर किंवा दिलासा ज्यांना हवा आहे ती मोठी माणसे आहेत. गोकुळातले मूल तर सगळे विश्व तोंडात घेऊन शांत उभे आहे, घाबरली आहे ती आई. आणि अर्जुन घाबरतो तेव्हा ज्याने दाखवले तोच सौम्य रूप घेऊन त्याच्या रथावर राहतो, त्याला एकटा सोडून जात नाही.

मुले मोठ्यांपेक्षा धीट असतात याची साक्ष कठोपनिषदही देते. नचिकेता कुमार आहे. बाप म्हाताऱ्या, भाकड गाई दान देतो आहे हे त्याला दिसते, तो विचारतो, मला कोणाला देणार? चिडलेला बाप म्हणतो, मृत्यूला. पुढे मरणानंतर काय हे त्याने विचारले तेव्हा साक्षात यमसुद्धा टाळाटाळ करतो: हत्ती घे, सोने घे, दीर्घ आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. मुलगा हटत नाही. आणि त्याने पहिला वर काय मागितला होता? परत गेल्यावर माझ्या बापाचा राग शांत झालेला असावा आणि त्याने मला ओळखावे. मृत्यूच्या दारात उभे राहून बापाची काळजी करणाऱ्या या मुलाचे निरागसपण कळण्यामुळे कुठे कमी झाले?

आपल्याकडे हा वाद नव्या रूपात पुन्हा पुन्हा झाला आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिकलेली स्त्री बिघडते हे भय होतेच. त्याच काळात दहा वर्षांची पत्नी कायद्याला मान्य होती. संमतीचे वय दहावरून बारा व्हायला १८९१ उजाडले, आणि त्यालाही धर्माच्या नावाने विरोध झाला. जिला पुस्तक देणे धोक्याचे, तिला संसारात ढकलणे धोक्याचे नाही, हे कसले निरागसपणाचे रक्षण होते? जोतीराव फुल्यांनी विद्येपासून मती, नीती, गती आणि वित्त अशी पडझडीची साखळी सांगून ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ असे लिहिले, तेव्हा त्यांनी पतनाची कथाच उलटी सांगितली. माणूस न कळल्यामुळे पडला. पुढे र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत चालले, कारण लोकांचे प्रश्न थांबले नव्हते.

शेवटचा आक्षेप आजचा आहे आणि खरा आहे: मोबाइलमुळे मुलांना नको त्या वयात नको ते दिसते, मग शाळेने त्यात आणखी भर का घालावी? मी या पालकांच्या काळजीत सहभागी आहे. पण मोबाइल म्हणजे नदीत येऊन थांबलेली ती नाव आहे, आणि ती प्रत्येक घराच्या आत आली आहे. विभांडकासारखे तीन दिवस तिला शोधत फिरण्यात अर्थ नाही. तासिका झाल्या नाहीत म्हणून सातवीतली मुले अजाण राहतील, असे त्या सभागृहातल्या एकाही पालकाला मनातून वाटत नव्हते. त्यांना कोण सांगणार एवढेच ठरवणे आपल्या हातात होते.

पुढच्या सभेत मी हे बोलणार आहे. चारही तासिका व्हाव्यात, त्या मुलांच्या ओळखीच्या शिक्षिकेने आणि शिक्षकाने घ्याव्यात, नाव न लिहिता प्रश्न टाकता येतील अशी पेटी वर्गात ठेवावी, आणि ज्यांना यातला मजकूर आधी पाहायचा आहे त्या पालकांना तो आधी दाखवावा. त्याच्याही आधी एक तासिका पालकांसाठी ठेवावी, कारण पहिला प्रश्न मुले वर्गात विचारतील आणि दुसरा त्याच संध्याकाळी घरी येऊन.